बंद पडला म्हणजे गेला नव्हे

खूप दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही असं नाही, पण जे घडलं ते सांगायची जरा लाज वाटत होती. आता आईचा राग गेलाय, घरात तो विषय निघाला की सगळे हसतातही. तेव्हा सांगून टाकतो.

आमच्या साताऱ्याच्या घरी बाबांचा एक लॅपटॉप आहे. २०११ साली बाबा मास्तरकीतून निवृत्त झाले तेव्हा हौसेनं घेतलेला. आला तेव्हा त्यात विंडोज ७ होतं, पुढे मी त्याचं विंडोज १० केलं. बाबांनी त्या लॅपटॉपवर ना कधी पत्ते खेळले ना सिनेमे पाहिले. त्यांनी एकच काम केलं. गावाकडचे, वापरातून गेलेले शब्द ते टिपून ठेवायचे. इंजिनं आली, वीजपंप आले, विहिरीवरची मोट गेली आणि मोटेबरोबर तिचे शब्दही निघाले. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. धाव म्हणजे बैलांनी खाली उतरायची ती उतरण. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी जिथे भदाभदा पडतं ती जागा. असे शेकडो शब्द, प्रत्येकापुढे अर्थ, आणि जमेल तिथे 'हा शब्द अमक्याकडून ऐकला' अशी नोंद. फाइलचं नाव 'शब्दांची वही'.

बाबा २०२३ मध्ये गेले. त्यानंतर ती वही आईनं चालवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. सकाळचा चहा झाला की ती लॅपटॉप उघडते, बाबांचे चार शब्द वाचते, आणि स्वतःला एखादा आठवला तर एका बोटानं टाइप करून खाली घालते. जात्याचा खुंटा, जात्याची माकडी, असे स्वयंपाकघरातले शब्द बाबांच्या यादीत कमीच होते. ते आईनं भरले.

आता माझा पराक्रम.

विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची सोय लागते, ती २०११ च्या ह्या म्हाताऱ्या लॅपटॉपात नाही. म्हणून दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा ठरवलं, ह्यात लिनक्स मिंट टाकू. फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं चालतं, सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत राहतात. पण एकदम विंडोज काढायचं धाडस नव्हतं. तेव्हा शहाणपणा केला (असं मला तेव्हा वाटलं!). माझ्या बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर जागा होती, तिच्यावर लिनक्स टाकलं. बाबांच्या आतल्या डिस्कला हातच लावायचा नाही, म्हणजे भीती नाही.

सगळं छान झालं. मशीन सुरू केलं की एक मेनू यायचा, वर लिनक्स, खाली विंडोज. हवं ते निवडा. तो मेनू माझ्या बाहेरच्या डिस्कवरून येतोय अशी माझी समजूत. भाऊबीज झाली, डिस्क काढून पिशवीत टाकली आणि मी पुण्याला परत. डिस्क काढल्यावर लॅपटॉप एकदा सुरू करून बघावा एवढंही सुचलं नाही. आणि हे सगळं आईला सांगावं, हे तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामात होतो, फोन आवाज बंद करून ठेवलेला. दुपारी पाहिलं तर आईचे सात मिस्ड कॉल. पोटात गोळाच आला. फोन लावला.

"अरे, यांचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आलीत. काहीतरी रेस्क्यू रेस्क्यू म्हणतोय."

"बरं. बंद करून ठेव. मी बघतो."

"आता कुठला बंद करू? शेजारचे काका दुकानात घेऊन गेलेत. तू फोन उचलेनास."

दुकानाचा नंबर घेतला, फोन केला. तिथला मुलगा अगदी नीट बोलणारा होता. म्हणाला, "सर, सगळं करप्ट झालंय. फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा."

मी जवळजवळ ओरडलोच. म्हटलं, फॉर्मॅट मारू नका, काहीच करू नका, बंद करा आणि बाजूला ठेवा, मी येतोय. तो म्हणाला, "चालेल सर, पण दुसरा उपाय नाहीये." काका संध्याकाळी लॅपटॉप परत घेऊन आले. मी स्वारगेटवरून एसटी पकडली. डिस्क पिशवीत, पिशवी मांडीवर. कात्रज गेलं, खंबाटकीचा घाट आला, आणि सगळा वेळ डोक्यात एकच हिशेब. त्या फाइलची दुसरी प्रत कुठे आहे? कुठेही नाही. आयुष्य कॉम्प्युटरमध्ये काढलेल्या माणसाच्या घरी, वडिलांच्या बारा वर्षांच्या कामाची एकही प्रत नाही.

झालं काय होतं ते सांगतो. ज्यांना यात रस नाही त्यांनीही वाचा, कारण पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे.

जुन्या पद्धतीचा संगणक सुरू केला की तो आधी स्वतःची चाचणी घेतो आणि मग हार्डडिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा ५१२ बाइटचा असतो. १९८३ साली हार्डडिस्क असलेला आयबीएमचा पीसी आला तेव्हापासूनची ही पद्धत. ह्या ५१२ पैकी ४४६ बाइट म्हणजे 'पुढे कुठे जायचं' हे सांगणारा छोटासा प्रोग्रॅम, ६४ बाइट म्हणजे डिस्कचे भाग कुठे सुरू होतात त्याचा तक्ता, आणि शेवटचे २ बाइट म्हणजे 'हा तुकडा खरा आहे' असा शिक्का. बस्स. विंडोज, फोटो, पत्रं, शब्दांची वही, सगळं त्याच्या पुढे.

आता ४४६ बाइट म्हणजे किती? युनिकोडमध्ये साठवताना मराठीचं एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, मात्रा वेगळी, सहसा ३ बाइट घेतं. म्हणजे ४४६ बाइटमध्ये दीडशे चिन्हंसुद्धा मावत नाहीत. बाबांच्या वहीतली मोटेची नोंदही त्यात पुरी बसली नसती.

लिनक्स टाकताना त्या पडद्यावर खाली एक ओळ होती, 'बूटलोडर कुठे टाकायचा?' तिच्यापुढे आतल्या डिस्कचं नाव आधीच भरलेलं होतं. मी न वाचता पुढे गेलो. त्यानं विचारलं होतं हो, मीच उत्तर दिलं नाही. त्यामुळे लिनक्स बसलं बाहेरच्या डिस्कवर, पण त्याचा वाटाड्या, ज्याला ग्रब म्हणतात, तो जाऊन बसला आतल्या डिस्कच्या त्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये, विंडोजच्या वाटाड्याला उठवून. आणि ह्या ग्रबचं उरलेलं सगळं सामान, मेनूसकट, बाहेरच्या डिस्कवर. जोवर डिस्क जोडलेली होती तोवर दोन्ही चालत होतं. डिस्क पुण्याला गेली आणि ग्रब साताऱ्याला दारात उभा राहून म्हणू लागला, माझं सामान सापडत नाही, आता तुम्हीच सांगा काय करू. आईला दिसलेलं 'ग्रब रेस्क्यू' म्हणजे हेच. तो काही मेल्याचा दाखला नव्हता, पत्ता विचारत होता बिचारा.

रात्री घरी पोचलो. आई जेवायची थांबली होती. तिनं विचारलं, "गेली का रे वही?"

"नाही," मी म्हटलं. आकृती डोक्यात पक्की होती, तरी डिस्कची वायर जोडताना हात थरथरत होते हे कबूल करतो. बटण दाबलं. दहा-पंधरा सेकंद काळा पडदा. मग तो मेनू आला. खाली गेलो, विंडोज निवडलं. विंडोज उघडलं. आईनं मला बाजूला सारून स्वतः माऊस घेतला आणि फाइल उघडली. सगळे शब्द जागच्या जागी.

मी लगेच काही दुरुस्त करायला घेतलं नाही. आधी दोन पेनड्राइव्हवर प्रती काढल्या आणि तिसरी स्वतःला मेलनं पाठवली. मगच विंडोज १० चा पेनड्राइव्ह लावून, त्यातल्या दुरुस्तीच्या भागात काळ्या खिडकीत 'बूटरेक'ची 'फिक्सएमबीआर' ही आज्ञा दिली. ती आज्ञा पहिल्या तुकड्यातला प्रोग्रॅम तेवढा नवा लिहिते, डिस्कच्या भागांच्या तक्त्याला हात लावत नाही. एक मिनिट लागलं नाही. बाहेरची डिस्क काढली, मशीन सुरू केलं, सरळ विंडोज. नंतर लिनक्सचा वाटाड्या बाहेरच्या डिस्कवरच बसवला, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता. आता लिनक्स हवं असेल तर डिस्क जोडायची, सुरू करताना एफ१२ दाबून ती निवडायची. नसेल तर काहीच करायचं नाही.

सगळं झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "मला न सांगता कशाला केलंस?"

ह्या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहितोय.

संगणक बंद पडला की आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. 'सुरू होत नाही' आणि 'गेला' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर जे मशीन सुरू होत नाही, त्यातली माहिती बहुतेक वेळा होती तिथेच असते. हरवलेली असते ती फक्त दारापासून खोलीपर्यंतची वाट. (टाकताना चुकून भागच पुसला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तर मशीन ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावं, कारण पुढे जे जे लिहिलं जाईल ते जुन्यावर बसण्याची भीती.) पण वाट हरवली म्हणून कुणी घर पाडतं का? फॉर्मॅट मारणं म्हणजे तेच. मशीन सुरू होतं, स्वच्छ होतं, आणि आपलं काहीच त्यात उरत नाही. याला दुरुस्ती म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, आणि ती सवय वाईट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे दिवसाला अशी कितीतरी मशीनं येतात, प्रत्येकाला ते 'आजच्या आज' हवं असतं, आणि फॉर्मॅट हा खात्रीचा उपाय आहे. त्याला काय माहीत त्या डब्यात कुणाचे बाबा आहेत? ते सांगणं आपलं काम. दुकानात मशीन देताना पहिलं वाक्य 'सुरू करून द्या' हे नसावं, 'आतलं काही पुसू नका, आधी प्रत काढा' हे असावं. त्याचे वेगळे पैसे पडले तर द्यावेत. चांगला माणूस डिस्क बाहेर काढून किंवा पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवून आधी फाइली उतरवून घेतो. अवघड नाही ते, फक्त सांगावं लागतं.

हल्लीच्या मशीनमध्ये ते ५१२ बाइटचं प्रकरण बहुधा नसतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून नव्या लॅपटॉपांत यूईएफआय नावाची पद्धत रुळली. तिच्यात डिस्कवर एक छोटा वेगळा भाग असतो, त्यात प्रत्येक सिस्टिमचा वाटाड्या आपापल्या फोल्डरात गुण्यागोविंदानं राहतो, आणि कुणाला आधी बोलवायचं ती यादी मशीनच्या बोर्डावर असते. तिथे 'फिक्सएमबीआर'चा उपयोग नाही. पण गंमत बघा, तिथेही पुष्कळदा बिघाड काहीच नसतो, यादीतला क्रम बदललेला असतो. सुरू करताना एफ१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं की झालं. किंवा कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन मशीन जुन्या पद्धतीवर टाकलेलं असतं आणि नव्या पद्धतीनं बसवलेली सिस्टिम मग सापडत नाही. ते परत होतं तसं केलं की सगळं जागेवर. ह्या मशीनमध्ये सांभाळायची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असतं. सुरू होण्याच्या वाटेत बदल झाला की ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती किल्ली दुसरी सिस्टिम टाकायच्या आधी कागदावर उतरवून घ्या. किल्ली नसेल तर माहिती तिथेच असूनही आपली नाही.

दर वेळी चूक आपलीच असते असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन सिस्टिमी असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्स सुरू होईनासं झालं. 'काहीतरी गंभीर बिघडलं आहे' अशा अर्थाचा संदेश येऊन मशीन बंद व्हायचं. वाचून कुणाच्याही छातीत धस्स होईल. पण तिथेही फाइलींना काही झालं नव्हतं. लिनक्सच्या जुन्या वाटाड्याचा परवाना रद्द धरला गेला होता, एवढंच. सिक्युअर बूट हे सेटिंग तात्पुरतं बंद करून लोकांनी काम चालवलं, आणि मे २०२५ च्या अपडेटमध्ये त्यावर कायमचा उतारा आला. ज्यांनी धीर धरला त्यांचं काही गेलं नाही.

पण मंडळी, हे सगळं तांत्रिक झालं. आईच्या प्रश्नाचं उत्तर ह्यात नाही.

आपल्या बहुतेकांच्या घरात एक 'कॉम्प्युटरवाला' असतो. मुलगा, पुतण्या, जावई, हल्ली सूनबाई किंवा नातही. सणाला घरी आलं की म्हाताऱ्यांचं मशीन हातात घ्यायचं, हे काढ, ते टाक, 'आता बघ कसं पळतंय' म्हणायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. आपल्याला वाटतं आपण सेवा केली. पण ते मशीन आपलं नसतं. त्याच्यात कुणाची तरी रोजची सवय बसलेली असते, आणि आपण गेल्यावर ज्या काळ्या पडद्यासमोर बसायचं असतं ते त्यांना. मी लिनक्स टाकलं यात काही वाईट केलं असं मला अजूनही वाटत नाही. विचारल्याशिवाय टाकलं, प्रत न काढता टाकलं, आणि तपासल्याशिवाय निघून गेलो, ह्या तीन गोष्टी वाईट.

दुसरी सिस्टिम टाकू नये असं मी म्हणणार नाही. जरूर टाका, जुनी मशीनं अजून कितीतरी वर्षं कामाला येतील. पण वडीलधाऱ्यांच्या मशीनला हात लावायच्या आधी त्यांना समोर बसवून विचारा, ह्यात तुमचं काय काय आहे? त्याच्या दोन प्रती काढा आणि त्या उघडून बघा. टाकताना प्रत्येक ओळ वाचा, विशेषतः खालची. झाल्यावर मशीन पूर्ण बंद करून, बाहेरचं सगळं काढून, ते स्वतः रोज सुरू करतात तसं त्यांच्याच हातानं सुरू करायला लावा. आणि काय केलं ते मराठीत एका कागदावर लिहून ठेवा, बंद पडलं तर काय करायचं आणि काय करू द्यायचं नाही, तेही.

आमच्या घरी तो कागद आता लॅपटॉपच्या पिशवीतच असतो. मी लिहिला होता सात ओळींचा. परवा गेलो तेव्हा पाहिलं, तर खाली आईनं पेनानं आठवी ओळ घातली आहे: 'दुकानात देण्याआधी मुलाला फोन करणे. मुलाने फोन उचलणे.'

असो. तुमच्या घरच्या वहीची प्रत कुठे आहे, एवढं आज बघून ठेवा.